क्वांटम डॉटचा प्रकाश कसा मोजावा: पहिल्या क्यूव्हेटपासून क्षयकाळापर्यंत

अतिनील दिव्याखाली क्वांटम डॉटच्या, म्हणजे अर्धवाहकाच्या अवघ्या काही नॅनोमीटरच्या कणांच्या, कुप्या ओळीने मांडल्या की निळसर हिरवा, हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे रंग उजळतात. पदार्थ मात्र सगळ्या कुप्यांत एकच असू शकतो, उदाहरणार्थ कॅडमियम सेलेनाइड. बदलतो तो फक्त कणांचा व्यास. सुमारे २ नॅनोमीटरचे कण निळसर हिरवे दिसतात, ६ नॅनोमीटरचे लाल. ज्यांना अशा कुपीतल्या कणांचं शोषण, उत्सर्जन, क्वांटम यील्ड (शोषलेल्यापैकी किती प्रकाश परत मिळतो) आणि क्षयकाळ (चमक किती वेगाने ओसरते) पहिल्यांदाच मोजायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

या विषयाचं भौतिकशास्त्र पुस्तकांत चांगलं मिळतं. वर्णपटातला कोणता चढउतार कणांचा, आणि कोणता द्रावकाचा, क्यूव्हेटचा (द्रावण भरायच्या पारदर्शक चौकोनी कुपीचा), उपकरणाचा किंवा नको इतक्या दाट द्रावणाचा, हे ओळखण्याची सवय मात्र पुस्तकातून लागत नाही. नवख्या माणसाच्या वर्णपटातली बरीच 'रोचक' शिखरं या दुसऱ्या गटातली निघतात. म्हणून सिद्धांताला मी कमी जागा देतो आहे आणि मोजमापाला जास्त.

मोजण्याआधी एवढं कळायला हवं

अर्धवाहकावर पुरेशा ऊर्जेचा फोटॉन पडला की एक इलेक्ट्रॉन खालच्या ऊर्जापट्ट्यातून वरच्या पट्ट्यात जातो आणि मागे रिकामी जागा उरते. तिला होल म्हणतात. दोघांमध्ये विद्युत आकर्षण असल्यामुळे ते जोडीने वावरतात, आणि या जोडीचं नाव एक्साइटॉन. कॅडमियम सेलेनाइडच्या मोठ्या स्फटिकात या जोडीची स्वाभाविक त्रिज्या साधारण ५.५ नॅनोमीटर असते. कणच त्याहून लहान असला तर इलेक्ट्रॉन आणि होल दोघंही कोंडले जातात, त्यांची गतिज ऊर्जा वाढते, आणि जोडी तयार करायला जास्त ऊर्जेचा फोटॉन लागतो. मोठ्या स्फटिकाचा बँडगॅप, म्हणजे त्या दोन पट्ट्यांमधलं ऊर्जेचं अंतर, १.७४ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे सुमारे ७१२ नॅनोमीटर. कण लहान करत गेलं की शोषणाची ही कड निळ्या बाजूला सरकत जाते.

ऊर्जा आणि तरंगलांबी यांची अदलाबदल आता सतत करावी लागेल. १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मिळते. हे तोंडी करता यायला हवं.

अलेक्सी एकिमोव्ह यांना १९८१ च्या सुमारास रंगीत काचेतल्या कॉपर क्लोराइडच्या सूक्ष्म स्फटिकांत हा परिणाम दिसला. लुई ब्रुस यांना बेल लॅब्जमध्ये १९८३ साली तो द्रवात तरंगणाऱ्या कॅडमियम सल्फाइडच्या कणांत दिसला. पण कण एकसारख्या व्यासाचे बनवता येत नव्हते, तोवर वर्णपट धूसरच राहायचे. १९९३ साली एमआयटीमध्ये मुंगी बावेंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तापलेल्या द्रावकात घटकद्रव्यं एकदम टोचून घालण्याची पद्धत बसवली आणि तिथून रेखीव शिखरं दिसू लागली. या तिघांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

ब्रुस यांच्या नावाचं समीकरण तुम्हाला पहिल्याच आठवड्यात भेटेल. बँडगॅपमध्ये कोंडल्यामुळे वाढलेली ऊर्जा मिळवायची, ती त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. मग आकर्षणाची ऊर्जा वजा करायची, ती त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात. समीकरण सुंदर आहे आणि कल असा का दिसतो हे ते नीट सांगतं. आकडा काढायला मात्र ते जपून वापरा. इलेक्ट्रॉनचं परिणामी वस्तुमान (स्फटिकात तो जितका जड असल्यासारखा वागतो तितकं, मुक्त इलेक्ट्रॉनच्या पटीत) ०.१३, होलचं ०.४५ आणि परावैद्युतांक १० धरून ६ नॅनोमीटर व्यासाच्या कणाचं गणित केलं तर उत्तर येतं २.०७ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे साधारण ६०० नॅनोमीटर. प्रत्यक्षात असा कण ६२५ च्या आसपास शोषतो. इथपर्यंत ठीक आहे. आता व्यास ३ नॅनोमीटर घ्या: समीकरण ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट सांगतं, म्हणजे ३८५ नॅनोमीटर, आणि प्रत्यक्ष शिखर असतं ५५० च्या जवळ. चूक थोडीथोडकी नाही, जवळपास एक इलेक्ट्रॉनव्होल्ट. समीकरण कणाच्या भिंती अनंत उंच मानतं आणि परिणामी वस्तुमान सगळ्या ऊर्जांना सारखंच धरतं. लहान कणांत ही दोन्ही गृहीतकं कोसळतात. त्यामुळे शोषणाच्या शिखरावरून व्यास काढायचा असेल तर प्रयोगांवर बेतलेला आलेखच वापरावा. तो पुढे येतोच आहे.

नमुना आणि सुरक्षितता

पहिल्या अभ्यासाला कॅडमियम सेलेनाइडचे कण घ्यावेत असं माझं मत आहे, मग ते विकत घेतलेले असोत वा प्रयोगशाळेत बनवलेले. त्यांच्यावर इतकं काम झालेलं आहे की तुमचा प्रत्येक आकडा कशाशी तरी ताडून पाहता येतो. इंडियम फॉस्फाइड कमी विषारी आहे, पण त्याची शिखरं रुंद असतात आणि सुरुवातीला वाचायला अवघड जातात. लेड सल्फाइड अवरक्त भागात चमकतं, त्यासाठी वेगळा डिटेक्टर लागतो. सीझियम लेड ब्रोमाइडसारखे पेरोव्हस्काइट कण फार तेजस्वी असतात, पण इथेनॉल किंवा अ‍ॅसिटोनचा स्पर्श झाला तरी बिघडू शकतात.

कण नुसते आहेत की त्यांच्यावर झिंक सल्फाइडसारखं कवच आहे, हे बाटलीवर किंवा वहीत आधीच लिहून ठेवा. कवचामुळे उत्सर्जन वाढतं, कारण पृष्ठभागावरचे अर्धवट राहिलेले बंध झाकले जातात. पण त्याने शिखर थोडं लाल बाजूलाही सरकतं. म्हणून नुसत्या कणांसाठी बनवलेला व्यासाचा आलेख कवचवाल्या कणांना सरसकट लावता येत नाही.

बहुतेक कणांभोवती ओलेइक आम्ल किंवा ट्रायऑक्टाइलफॉस्फिन ऑक्साइड यांसारख्या लांब साखळ्यांच्या रेणूंचं आवरण असतं. त्यांना लिगंड म्हणतात. त्यांच्यामुळेच कण टोल्यूइन, हेक्झेन किंवा क्लोरोफॉर्ममध्ये मोकळे राहतात. संश्लेषणातून उरलेला मळ काढायला मिथेनॉल किंवा अ‍ॅसिटोन घालून कण खाली बसवतात, सेंट्रिफ्यूज करतात आणि पुन्हा ताज्या द्रावकात घेतात. हे एकदोनदा पुरे असतं. धुण्याचा अतिरेक केला तर लिगंडही निघून जातात आणि चमक मंदावते. आवरण गेलं की कण एकमेकांना चिकटून गढूळपणाही येतो.

कॅडमियम आणि शिसं दोन्ही विषारी आहेत. नायट्राइल हातमोजे घाला, टोल्यूइनचं काम फ्युम हूडमध्येच करा (टोल्यूइन पातळ नायट्राइलमधून लवकर झिरपतं, थेंब सांडला की हातमोजा लगेच बदला), आणि उरलेलं द्रावण जड धातूंच्या कचऱ्याच्या बाटलीत टाका, सिंकमध्ये कधीच नाही. अतिनील दिवा वापरताना तो प्रकाश अडवणारा चष्मा घाला. कुप्या अंधारात, थंड जागी, शक्यतो नायट्रोजनखाली ठेवा. हवा आणि प्रकाश एकत्र मिळाले की कणांचा पृष्ठभाग ऑक्सिडाइज होतो, आतला गाभा लहान होतो, आणि महिन्याभराने शिखर निळ्या बाजूला सरकलेलं सापडतं.

क्यूव्हेट क्वार्ट्झचंच घ्या, १ सेंटिमीटर जाडीचं. साधी काच साधारण ३४० नॅनोमीटरच्या खाली प्रकाश अडवते आणि पॉलिस्टायरीनचं क्यूव्हेट तर टोल्यूइनमध्ये विरघळतं. शोषणासाठी दोन बाजू पारदर्शक असलेलं चालतं, उत्सर्जनासाठी चारही बाजू पारदर्शक लागतात. शेवटी तेच द्रावण दोन्ही उपकरणांत न्यायचं असल्याने सुरुवातीपासून चार बाजूंचंच वापरणं बरं.

पहिली पायरी: शोषण

कोणताही नमुना हाती आला की आधी शोषण मोजा. उत्सर्जन मोहक दिसतं आणि हात तिकडेच वळतो, पण पुढचं प्रत्येक गणित शोषणावर उभं असतं.

शोषण मोजण्याच्या उपकरणाचे (स्पेक्ट्रोफोटोमीटरचे) दिवे २० ते ३० मिनिटं तापू द्या. मग कणांविना नुसता द्रावक त्याच क्यूव्हेटमध्ये भरून बेसलाइन (तुलनेची शून्यरेषा) घ्या. द्रावक म्हणजे कण ज्यात आहेत तोच, आणि जमल्यास त्याच बाटलीतला. टोल्यूइन साधारण २८५ नॅनोमीटरच्या खाली स्वतःच सगळा प्रकाश गिळतो, त्यामुळे तिथे दिसणाऱ्या वेड्यावाकड्या रेषांना काही अर्थ नसतो. त्या भागातलं काही हवं असेल तर हेक्झेन घ्या, तो २०० च्या जवळपासपर्यंत स्वच्छ असतो.

मग नमुना घाला आणि ३०० ते ८०० नॅनोमीटर असा वर्णपट घ्या. पहिल्या शिखराचा अ‍ॅबसॉर्बन्स ०.१ ते १ यांच्या मधे येईल इतपत द्रावण पातळ करा. किती प्रकाश अडला त्याचं हे लॉग माप; १ म्हणजे दहावा हिस्सा प्रकाशच पार जातो. फार दाट द्रावणात डिटेक्टरपर्यंत पोचणारा प्रकाशच इतका कमी होतो की उपकरणातला भटका प्रकाश वरचढ ठरतो आणि शिखराचा माथा सपाट दिसतो.

आता आलेख लाल टोकापासून डावीकडे वाचत या. शोषणाच्या कडेच्या पलीकडे, म्हणजे लाल बाजूला, रेषा शून्यावर सपाट हवी. ती शून्याच्या वर, निळ्या बाजूकडे हळूहळू चढत असेल तर कण एकत्र गोळा झाले आहेत आणि प्रकाश विखुरला जातो आहे. हा प्रकाश शोषला गेलेला नाही, तरी उपकरण त्याला शोषणातच धरतं. असा नमुना गाळून किंवा सेंट्रिफ्यूज करून पुन्हा मोजा. विखुरण्याची ही चढती शेपूट गणिताने वजा करता येते, पण आधी द्रावण स्वच्छ करण्याचा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो.

लाल बाजूने येताना भेटणारं पहिलं शिखर हे सर्वांत कमी ऊर्जेच्या एक्साइटॉनचं. त्याचा माथा कुठे आहे यावरून व्यास कळतो आणि ते किती धारदार आहे यावरून व्यासांचा एकसारखेपणा. शिखर आणि त्याच्या डावीकडची दरी यांतला फरक ठसठशीत असेल तर नमुना चांगला. शिखराऐवजी नुसता खांदा दिसत असेल तर व्यासांत बरीच तफावत आहे. खांद्याची नेमकी जागा डोळ्यांनी ठरवू नका. वर्णपटाचं दुसरं डेरिव्हेटिव्ह काढा किंवा उतरत्या पार्श्वभूमीवर गाऊस वक्र बसवा. उपकरण ३५० च्या आसपास एका दिव्यावरून दुसऱ्यावर जातं, तिथे कधीकधी बारीकशी पायरी दिसते. ती कणांची नव्हे.

व्यास काढण्यासाठी २००३ साली प्रसिद्ध झालेलं एक प्रायोगिक बहुपदी समीकरण आजही सर्रास वापरलं जातं. त्यानुसार कॅडमियम सेलेनाइडचं पहिलं शिखर ५०० नॅनोमीटरला असेल तर व्यास सुमारे २.३ नॅनोमीटर, ५५० ला ३.०, ६०० ला ४.६. बघा, ५०० ते ५५० या टप्प्यात व्यास ०.७ ने वाढतो आणि तेवढ्याच पुढच्या टप्प्यात १.६ ने. मोठ्या कणांत शिखराची जागा व्यासाबाबत कमी बोलते. तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची छायाचित्रं हवीतच.

त्याच अभ्यासातून संहतीही काढता येते. नॅनोमीटरमधल्या व्यासाचा २.६५ वा घात घ्या आणि ५८५७ ने गुणा, की पहिल्या शिखरावरचा मोलर शोषणांक मिळतो. ३.०४ नॅनोमीटरच्या कणासाठी तो १ लाख ११ हजारांच्या आसपास येतो, एकक लीटर प्रति मोल प्रति सेंटिमीटर. म्हणजे १ सेंटिमीटरच्या क्यूव्हेटमध्ये शिखराचा अ‍ॅबसॉर्बन्स ०.१ असेल तर कणांची संहती सुमारे ०.९ मायक्रोमोलर. शिखर रुंद असेल तर त्याची उंची आधी रुंदीनुसार दुरुस्त करून घ्यावी लागते, नाहीतर संहती कमी येते. वेगवेगळ्या अभ्यासांतले शोषणांक एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे अशा संहतीपुढे तीन दशांश स्थळं लिहू नयेत, आणि कोणता आलेख वापरला ते जरूर लिहावं.

दुसरी पायरी: उत्सर्जन

प्रयोगशाळेत याला फोटोल्युमिनेसन्स किंवा नुसतं पीएल म्हणतात. इथे सगळ्यात मोठा शत्रू दाट द्रावण. उपकरण क्यूव्हेटच्या मध्यातून येणारा प्रकाश टिपतं. उत्तेजनाच्या, म्हणजे कणांवर टाकलेल्या प्रकाशाच्या, तरंगलांबीला अ‍ॅबसॉर्बन्स १ असेल तर मध्यापर्यंत जेमतेम ३२ टक्के प्रकाश पोचतो, ०.१ असेल तर ८९ टक्के. म्हणून ०.१ किंवा त्याहून कमी ही मर्यादा पाळायची. ती मोडली तर दुहेरी फसवणूक होते: तीव्रता कमी दिसते, आणि वर उत्सर्जनाची निळी बाजू शेजारचेच कण पुन्हा शोषून घेत असल्यामुळे शिखर लाल बाजूला सरकलेलं दिसतं. शंका आली तर द्रावण निम्मं पातळ करून पुन्हा मोजा. शिखर हललं, तर आधीचं मोजमाप बाद.

उत्तेजनासाठी ४०० नॅनोमीटर ही सोयीची जागा. उत्सर्जनाचा वर्णपट ४१५ किंवा ४२० पासून सुरू करा, म्हणजे विखुरलेला उत्तेजक प्रकाश डिटेक्टरवर आदळणार नाही. मग नमुन्याला हात लावण्याआधी नुसत्या द्रावकाचा वर्णपट घ्या, तंतोतंत त्याच सेटिंगवर. बरेच जण हे टाळतात आणि पुढे आठवडे वाया घालवतात.

द्रावकाच्या या वर्णपटात एक छोटं शिखर दिसेल, ते रामन विकिरणाचं, म्हणजे द्रावकाच्या रेणूंच्या कंपनांना थोडी ऊर्जा देऊन विखुरलेल्या प्रकाशाचं. कार्बन-हायड्रोजन बंधाचं कंपन सुमारे २९०० प्रति सेंटिमीटर, त्यामुळे ४०० ला उत्तेजित केलेल्या हेक्झेनमध्ये ते ४५२ नॅनोमीटरच्या आसपास येतं. पाण्यात ३५० ला उत्तेजन दिलं तर ३९७ ला. ओळखण्याची युक्ती सोपी आहे: उत्तेजनाची तरंगलांबी १० नॅनोमीटरने बदला. रामनचं शिखर सोबत सरकतं, क्वांटम डॉटचं जागेवर राहतं. दुसरा पाहुणा येतो ग्रेटिंगकडून (उपकरणात प्रकाशाचे रंग वेगळे करणारा बारीक रेघांचा पृष्ठभाग). ३७० ला उत्तेजन दिलं की बरोबर दुपटीला, ७४० ला, एक अणकुचीदार रेषा उगवते. उत्सर्जनाच्या मार्गात लाँग-पास फिल्टर (फक्त लांब तरंगलांब्या जाऊ देणारा) लावला की ती जाते.

चांगल्या कॅडमियम सेलेनाइडचं उत्सर्जन शोषणाच्या पहिल्या शिखरापासून १० ते २० नॅनोमीटर लाल बाजूला असतं आणि अर्ध्या उंचीवर त्याची रुंदी २५ ते ३५ नॅनोमीटर भरते. शिखर अरुंद असून त्याच्या उजवीकडे, शंभरेक नॅनोमीटर दूर, दुसरा पसरट उंचवटा असेल तर तो पृष्ठभागावरच्या दोषांत अडकलेल्या इलेक्ट्रॉन-होलचा. लहान, कवच नसलेल्या कणांत तो हमखास असतो. त्याला दुर्लक्षून नुसतं मुख्य शिखर छापण्याची पद्धत मला पटत नाही, कारण पृष्ठभागाची प्रकृती नेमकी त्यातूनच कळते. त्याची खरी उंची मात्र उपकरणाची दुरुस्ती लावल्याशिवाय दिसत नाही. उपकरणातला प्रकाश टिपणारा फोटोमल्टिप्लायर लाल भागात कमी संवेदनशील असतो; कच्च्या आलेखात हा उंचवटा आहे त्यापेक्षा लहान भासतो. उपकरणासोबत येणारी करेक्शन फाइल लावली आहे की नाही, हे प्रत्येक वर्णपटाच्या नावातच नोंदवा.

रुंदीची तुलना ऊर्जेच्या एककात करा. ३० नॅनोमीटर रुंदी ५७० ला सुमारे ११५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट होते, ६४० ला फक्त ९१. दोन्ही नमुने 'सारखेच' म्हणणं चुकीचं ठरेल. वर्णपट ऊर्जेच्या अक्षावर नेताना प्रत्येक तीव्रतेला तरंगलांबीच्या वर्गाने गुणावं लागतं, कारण नॅनोमीटरची समान पावलं ऊर्जेत समान नसतात. अरुंद शिखरावर याचा परिणाम थोडा, पसरट उंचवट्यावर भरपूर.

उत्सर्जन एका तरंगलांबीवर धरून उत्तेजन फिरवलं की उत्तेजन वर्णपट मिळतो. तो शोषणाच्या वर्णपटासारखा दिसला तर चमकणारे कण आणि शोषणारे कण तेच आहेत, अशी खात्री पटते. मग उत्सर्जनाच्या शिखराच्या निळ्या कडेवर एकदा आणि लाल कडेवर एकदा असा दोनदा तो घ्या. दोन्ही वर्णपटांतली पहिली शिखरं वेगवेगळ्या जागी दिसली, तर नमुन्यात लहानमोठे कण मिसळलेले आहेत. निळी कड लहानांची, लाल कड मोठ्यांची. या एका प्रयोगातून इतकं कळतं आणि तरी तो फारसा कुणी करत नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

शेवटी पहिलाच वर्णपट त्याच सेटिंगवर परत घ्या. प्रकाशाखाली काही नमुने उजळत जातात, काही विझत जातात. दोन वर्णपट जुळत नसतील तर स्लिट (प्रकाश आत येण्याची फट) अरुंद करा आणि शटर मोजण्यापुरतंच उघडं ठेवा.

तिसरी पायरी: क्वांटम यील्ड

शोषलेल्या प्रत्येक फोटॉनमागे सरासरी किती फोटॉन बाहेर पडतात, त्याचं हे माप. इंटिग्रेटिंग स्फिअर (सगळ्या दिशांचा प्रकाश गोळा करणारा, आतून पांढरा पोकळ गोल) असेल तर ते थेट मोजता येतं. नसेल तर ज्याचं यील्ड माहीत आहे अशा रंगद्रव्याशी तुलना करायची. हिरव्या-पिवळ्या कणांसाठी इथेनॉलमधलं रोडामाइन ६जी सोयीचं, त्याचं यील्ड ०.९५ धरतात. निळ्या भागासाठी सल्फ्युरिक आम्लातलं क्विनाइन सल्फेट वापरतात, यील्ड सुमारे ०.५५.

दोघांनाही एकाच तरंगलांबीला उत्तेजित करा, आणि ती अशी निवडा की तिथे दोघांचेही शोषणाचे आलेख फार तिरपे नसतील. रोडामाइनला ४९० च्या आसपास एक खांदा असतो, तिथे हे जमतं. तीव्र उतारावर उत्तेजन दिलं तर तरंगलांबीतल्या अर्ध्या नॅनोमीटरच्या फरकानेही अ‍ॅबसॉर्बन्सचा आकडा ढळतो. स्लिट, डिटेक्टरचं व्होल्टेज, क्यूव्हेट, सगळं दोघांना सारखं.

एकाच द्रावणावर विसंबू नका. दोघांची प्रत्येकी चार-पाच विरल द्रावणं करा, अ‍ॅबसॉर्बन्स ०.०२ ते ०.१ यांच्या दरम्यान. प्रत्येकाच्या उत्सर्जनाखालचं क्षेत्रफळ काढा आणि अ‍ॅबसॉर्बन्ससमोर मांडा. सरळ रेषा यायला हवी, शून्यातून जाणारी. वरच्या टोकाला ती वाकत असेल तर द्रावण अजून दाट आहे. शून्यातून जात नसेल तर बेसलाइन चुकली आहे. ही रेषा म्हणजे तुमच्या मोजमापाची परीक्षाच. ती बिघडलेली असताना काढलेलं यील्ड कितीही छान असलं तरी टाकून द्या.

दोन रेषांच्या उतारांचं गुणोत्तर घ्या, त्याला रंगद्रव्याच्या यील्डने गुणा, आणि मग द्रावकांच्या अपवर्तनांकांच्या गुणोत्तराच्या वर्गाने. शेवटचा गुणाकार विसरण्याचं प्रमाण फार आहे. टोल्यूइनचा अपवर्तनांक १.४९६, इथेनॉलचा १.३६, वर्ग येतो १.२१. उतारांचं गुणोत्तर ०.५ असेल तर खरं यील्ड ०.५७, आणि अपवर्तनांक विसरलात तर ०.४८.

यील्ड १ च्या वर आलं तर तो शोध नाही. विखुरलेला प्रकाश क्षेत्रफळात मोजला गेला आहे का, रंगद्रव्य दाट झालं होतं का, हे आधी तपासा.

चौथी पायरी: क्षयकाळ

उजेडाचा अगदी लहान स्पंद दिल्यावर चमक किती वेगाने ओसरते, ते इथे मोजतात. नेहमीची पद्धत एकेक फोटॉन मोजण्याची: स्पंद सुटला तेव्हापासून फोटॉन आला तोपर्यंतचा वेळ नोंदवायचा आणि लाखो नोंदींचा आलेख काढायचा. कॅडमियम सेलेनाइडचा क्षयकाळ खोलीच्या तापमानाला साधारण १० ते ३० नॅनोसेकंद असतो.

यावरून लेसरचा वेग ठरतो. स्पंद सेकंदाला ८ कोटी असतील तर दोन स्पंदांत अवघे १२.५ नॅनोसेकंद मिळतात. आधीची चमक ओसरायच्या आत पुढचा स्पंद येऊन धडकतो आणि आलेखाचा पाया उचललेला दिसतो. सेकंदाला १० ते ५० लाख स्पंद ठेवा, म्हणजे मधे २०० नॅनोसेकंद ते १ मायक्रोसेकंद मोकळा राहतो.

दुसरी मर्यादा मोजणीच्या वेगाची. एका स्पंदानंतर दोन फोटॉन आले तर साधी यंत्रणा पहिलाच नोंदवते. उजेड जास्त असेल तर लवकर येणारेच फोटॉन मोजले जातात आणि क्षयकाळ आहे त्याहून कमी येतो. सेकंदाला १० लाख स्पंद असताना मोजणी १० ते २० हजारांवर राहील इतका उजेड कमी करा. वेळ जास्त लागतो, पण घाईत घेतलेला आलेख नंतर दुरुस्त होत नाही.

मग विखुरणाऱ्या द्रवावरून, उदाहरणार्थ सिलिकाच्या सूक्ष्म कणांच्या द्रावणावरून, उपकरणाचा स्वतःचा प्रतिसाद मोजून घ्या आणि वक्र बसवताना तो गणितात धरा. लॉग अक्षावर सरळ रेषा क्वचितच मिळेल. बहुतेक नमुन्यांत दोन किंवा तीन घातांकी पदं लागतात. वक्र नीट बसावा म्हणून चौथं, पाचवं पद घालत जाऊ नका. तेवढ्या पदांनी कोणताही वक्र बसतो आणि प्रत्येक पदामागे खरी प्रक्रिया आहे असा भास होतो. सरासरी क्षयकाळ देताना तो पदांच्या मोठेपणानुसार (अ‍ॅम्प्लिट्यूडनुसार) काढला की तीव्रतेनुसार, हे सांगा. दोन्ही आकडे बरेच वेगळे येतात.

यील्ड आणि क्षयकाळ एकत्र आले की हाती काहीतरी ठोस लागतं. यील्ड ०.५७ आणि क्षयकाळ २० नॅनोसेकंद असेल तर भागाकाराने प्रकाश देणाऱ्या मार्गाचा काळ सुमारे ३५ नॅनोसेकंद येतो; उरलेला वेग प्रकाश न देता ऊर्जा वाया घालवणाऱ्या मार्गांचा. कवच चढवल्यावर यील्ड वाढलं, तर ते वाया जाणारे मार्ग बंद झाल्यामुळे की प्रकाशाचा मार्गच वेगवान झाल्यामुळे, हे यावरून सांगता येतं. ओसरण बहुघातांकी असेल तर हा भागाकार ढोबळच समजावा, कारण नमुन्यातले सगळे कण एकसारखे वागत नसतात आणि काही मुळीच चमकत नसतात.

यापुढे काय

या चार मोजमापांवर हात बसला की तापमान हा पुढचा टप्पा घ्यावा. नमुना थंड करत नेला की शिखर निळ्या बाजूला सरकतं आणि अरुंद होतं; द्रव हीलियमच्या तापमानाला कॅडमियम सेलेनाइडचा क्षयकाळ नॅनोसेकंदांवरून मायक्रोसेकंदाच्या घरात जातो, कारण सर्वांत खालची अवस्था प्रकाश द्यायला जवळजवळ मनाई असलेली असते. खोलीच्या तापमानाला उष्णता तिला वरच्या, चमकणाऱ्या अवस्थेत ढकलत असते.

त्यानंतर एकट्या कणाचा अभ्यास. द्रावण हजारो पटींनी पातळ करून काचेवर पसरवतात आणि सूक्ष्मदर्शकातून एकेक ठिपका पाहतात. १९९६ साली अशाच प्रयोगात दिसलं की सतत उजेड असूनही एकटा कण मधेच विझतो आणि पुन्हा पेटतो. कुपीत अब्जावधी कण एकदम पाहताना हे कधीच दिसत नाही. ठिपका खरंच एका कणाचा आहे की दोन-तीन कणांच्या पुंजक्याचा, हे ठरवायला फोटॉनांच्या वेळांचा परस्परसंबंध तपासतात: एक कण एका वेळी शक्यतो एकच फोटॉन देतो, म्हणून वेळेतल्या शून्य अंतरावर तो संबंध ०.५ च्या खाली उतरायला हवा. आणि काचेवर टाकण्याआधी नुसत्या द्रावकाचा थेंब त्याच काचेवर वाळवून पाहून घ्या. धुळीचे आणि काचेचे ठिपकेही चमकतात, काही तर लुकलुकतातही.